बंदुकीचा नंबर घासू नका



खंडेनवमी जवळ आली की घरातली हत्यारे बाहेर निघतात. विळा, कुऱ्हाड धुऊनपुसून पूजेला मांडली जाते. ज्याच्याकडे पीकसंरक्षणाची बंदूक आहे तो तीही लख्ख करतो. इथेच एक चूक होते आणि ती फार महागात पडते.

आमच्या एका सहकाऱ्याकडे आजोबांपासूनची ठासणीची बंदूक आहे, परवाना रीतसर नावावर. नवा दस्ता बसवताना कारागिराने गंजलेली नळी पॉलिश पेपरने घासली, त्यात नंबर निम्मा गेला. निवडणुकीत बंदूक ठाण्यात जमा करायला गेला तेव्हा हे उघडकीस आले. परवान्यावर नंबर पुरा, बंदुकीवर अर्धा. ज्वारी राखणारा हा माणूस हंगामभर कचेरीत हेलपाटे घालत राहिला, आणि इकडे रानडुकरांनी वावर उकरून टाकले.

कायदा काय म्हणतो ते समजून घ्या. 1959 च्या हत्यार कायद्याचे कलम 8 सांगते की बंदुकीवरचे नाव, नंबर वा ओळखीची खूण पुसणे, काढणे, बदलणे किंवा बनावट करणे हा गुन्हा आहे. खूण नसलेली बंदूक विकताही येत नाही. खरी मेख पुढे आहे. खूण पुसलेली बंदूक ज्याच्याजवळ सापडेल त्यानेच ती पुसली असे गृहीत धरले जाते. आपण पुसली नाही हे सिद्ध करण्याचे ओझे आपल्यावर.

काही कार्यकर्ते म्हणतात, आपण लायसन्स-परमिट राजाचे विरोधक, मग नंबराची काळजी आपण का वाहायची? परमिटावरचा राग आम्हालाही आहे. पीक आमचे, नुकसान आमचे आणि डुक्कर मारायची परवानगी मात्र 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली साहेबाकडे मागायची. पण परवाना आणि नंबर या दोन गोष्टी वेगळ्या. परवाना सरकारच्या मर्जीचा, नंबर आपल्या पुराव्याचा. कपाशीचे बी उगवले नाही तर पिशवी, लेबल आणि पावती जपा, असे आम्ही गावोगाव सांगतो. लॉट नंबर नसेल तर कंपनी हात झटकते. बंदुकीचेही तसेच. चोरीला गेली तरी ती आपली हे सांगणारा साक्षीदार तो नंबरच.

म्हणून एवढे करा. बंदूक दुरुस्तीला देण्याआधी नंबरावर खडू घासा, आकडे उठून दिसतात. ते परवान्याशी ताडून पाहा, फोटो काढून ठेवा. दुरुस्तीचा परवाना असलेल्याकडेच द्या आणि नंबर लिहिलेली पावती घ्या. नंबराच्या जागी चिकटपट्टी लावायला सांगा. दस्ता बदला, पट्टा बदला, पण नंबराला हात लावू देऊ नका. परत घेताना त्याच्यासमोरच नंबर पुन्हा वाचा. पावसाळ्यात तेलाचा बोळा फिरवा, कारण गंजही नंबर खातो. नळी कापून आखूड करणे हा कलम 6 खाली वेगळा गुन्हा आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर परवान्याशिवाय बंदुकीचा प्रकार बदलणेही त्यात येते.

नंबर आधीच पुसट झाला असेल तर लोहाराकडून परस्पर ठोकून घेऊ नका, तो बनावट ठरेल. परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करा आणि पोच घ्या.

आता सरकारला आमचे सांगणे. हा कायदा 1 ऑक्टोबर 1962 पासून लागू झाला, तेव्हा ज्यांच्याकडे बिनखुणेच्या बंदुका होत्या त्यांना या गृहीतकातून एक वर्षाची सूट कायद्यानेच दिली होती. पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक देण्याची तरतूदही त्याच कायद्यात, कलम 13 मध्ये आहे. त्या बंदुका आज तिसऱ्या पिढीच्या हाती आल्या आहेत. वयाने आणि गंजाने झिजलेल्या नंबराला गुन्हा समजू नका. तालुक्याला शिबिर लावा, बंदुका तपासा, नंबर रीतसर नोंदवून द्या. एक वर्षाची मुदत द्या. तेव्हा देता आली, तर आजही देता येईल.

ही मागणी जिल्हा बैठकीत ठरावाने मांडू. येताना परवान्याची झेरॉक्स आणा, बंदूक घरीच ठेवा.