सोचीत तिरंगा का नव्हता?

हिवाळी ऑलिम्पिकमध्ये भारताला आजवर एकही पदक नाही, म्हणून हसणाऱ्यांस आम्ही विचारतो, हसावयाचे कोणाला? शिवा केशवनला? मनालीजवळच्या घाटरस्त्यांवर चाके लावलेली घसरगाडी पळवून ल्यूजचा सराव करणारा हा खेळाडू १९९८ साली नागानोत, वयाच्या सोळाव्या वर्षी, २८ वा आला. २०११ साली तेथेच त्याने आशियाई चषक जिंकला.

फेब्रुवारी २०१४ मध्ये सोचीत तो ३७ वा आला, तोही ऑलिम्पिकच्या ध्वजाखाली. निवडणूक सनदेनुसार नव्हती, म्हणून आपली ऑलिम्पिक संघटना डिसेंबर २०१२ पासून निलंबित होती. आरोपपत्र असलेल्यांना दूर ठेवणारी घटनादुरुस्ती करण्यास या धुरीणांना वर्ष लागले. ती डिसेंबर २०१३ मध्ये झाली. तरी निवडणूक झाली ९ फेब्रुवारीस, केशवनची स्पर्धा संपली त्याच दिवशी! निलंबन उठले ११ तारखेस.

आमचा जन्म सरकारी फायलींत गेला. मुदत सहज टळत नसते, टाळली जाते, हे आम्ही जाणतो. दुरुस्तीनंतर पंधरवड्यात निवडणूक घेण्यास कोणता बर्फ आडवा आला होता, हे या धुरीणांना कोणी विचारलेच नाही. क्रमांक मात्र खेळाडूच्या नावापुढे लागला.