खाकीवरचे हसू उसने नव्हे

१/ पोलीसपटांचे विडंबन हा पाश्चात्त्यांकडून आणलेला उसना विनोद आहे, असे म्हणणाऱ्यांनी आधी सनावळी तपासावी.

२/ अमेरिकेतील ‘पोलीस स्क्वाड!’ ही मालिका १९८२ची. तीही सहाच भागांत गुंडाळलेली. दादा कोंडके यांचा ‘पांडू हवालदार’ १९७५चा. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या वगनाट्यातील हवालदार-कोतवाल तर त्याहूनही जुने.

३/ ‘सीआयडी’तील दया दार तोडतो आणि गुन्हा उकलतो. नाशिकच्या पोलीस अकादमीत मात्र भावी उपनिरीक्षकांना कायदा शिकावा लागतो.

४/ पडद्यावरच्या शौर्यालाच तपास समजणारा समाज उद्या मारहाणीलाही न्याय मानू लागतो. हा भ्रम विडंबनच फोडते. वर्दीचा मान राखावा. वर्दीच्या मिथकाला मात्र हसावे. तो आपला जुना अधिकार आहे.