माळ्यावरची अडगळ

दिवाळीची साफसफाई निघाली की आमच्या घरी माळ्यावरून हमखास वाद होतो. चढतो मीच, आणि "टाकू नका, लागेल!" असे म्हणणाराही मीच. यंदा मात्र आमच्या कन्येने मला निरुत्तर केले.

ती सर्व्हर सांभाळते. म्हणजे दिवसरात्र जागून हजारोंच्या मागण्या पुरवणारा संगणक. दोन महिने तिचा एक प्रोग्रॅम दर चार दिवसांनी मध्यरात्री मान टाकत होता आणि तिची झोप उडवीत होता. पुन्हा सुरू केला की ठणठणीत!

"मग रोजच बंद करून चालू कर," मी शहाणपण शिकवले.

"बाबा, त्याने ताप उतरतो, दुखणं जात नाही."

दुखणे असे. प्रत्येक मागणीसाठी प्रोग्रॅम मेमरीत थोडी जागा अडवतो. काम संपताच ती मोकळी व्हावी. हा केर आपोआप काढण्याची युक्ती जॉन मॅकार्थी यांनी १९५९ च्या सुमारास लिस्प भाषेसाठी शोधली; आज ती जावातही आहे. पण हा झाडूवाला फार भिडस्त! ज्या वस्तूवर कोणाचा हात आहे, तिला तो शिवत नाही. मग तो हात विसरून राहिलेला का असेना.

ऑक्टोबर २०१२ मध्ये अमेरिकेत अ‍ॅमेझॉनच्या सर्व्हरांवर अशीच पाळी आली. माहिती गोळा करणारे एक यंत्र बदलले. त्याचा नवा पत्ता काही सर्व्हरांना कळलाच नाही. त्यांवरचा एक किरकोळ प्रोग्रॅम जुन्या पत्त्यावर हाका मारीत राहिला आणि हळूहळू मेमरी गिळत गेला. अखेर मुख्य कामालाच जागा उरेना. एकूण मेमरीवर पहारा होता. पण ती एरवीही वरखाली होत असल्याने धोक्याची घंटा वाजलीच नाही.

म्हणून कन्येने एकूण आकडा सोडला आणि केर काढल्यावर किती उरते, तेच रोज टिपले. तो तळच चढत होता! मग काही तासांच्या अंतराने मेमरीची दोन चित्रे घेऊन ताडून पाहिली. एकाच जातीच्या नोंदी वाढलेल्या. त्यांना धरून बसली होती एक यादी. तिच्यात नाव घालायची सोय होती, काढायची नव्हती.

"कोणी लिहिली ही यादी?" मी विचारले.

"मीच!" ती म्हणाली. "लागेल, म्हणून ठेवली होती."

वाचकहो, मी मुकाट्याने माळ्यावर चढलो.