वॅट पाहू नका, आपल्या घरातील धूळ पाहा

कापडाच्या व्यापारात आमची तीस वर्षे गेली. गिऱ्हाईक दुकानात आले की थान बोटांत चोळून पाहते. सूत कितीचे आहे, धुतल्यावर आटेल का, रंग जाईल का, असे दहा सवाल करते आणि मगच पैसे काढते. आम्हीही गाठ उतरवून घेताना अशीच पारख करतो. मात्र घरासाठी एखादे यंत्र घ्यायची वेळ आली की आम्हा व्यापाऱ्यांची ही सारी पारख कोठे जाते, कोण जाणे! व्हॅक्युम क्लीनरच्या खरेदीत आम्ही स्वतः हा धडा शिकलो आहोत.

काही वर्षांपूर्वी एक विक्रेता आमच्या घरी आला. त्याने गालिच्यावर मूठभर माती टाकली, यंत्र फिरवले आणि माती गायब करून दाखविली. "सोळाशे वॅटची मोटर आहे," एवढे त्याने सांगितले आणि तेवढ्यावर आम्ही खूश झालो. यंत्र घरात थोडे आणि गोदामात जास्त चालले. शाली आणि सुती चादरींच्या गाठी उघडल्यावर जी लव उडते, ती आम्ही रोज त्याने ओढत होतो. दोन महिन्यांत मोटर जळाली. मिस्त्रीने यंत्र उघडून दाखविले, तर आतल्या जाळीवर लवेचा नमद्यासारखा जाड थर बसलेला. जाळी साफ करायची असते हे पुस्तिकेत लिहिलेले होते, आम्ही ती कधी उघडलीच नाही. कसूर आमचाच होता. व्यापारी बांधवांनी आणि कारागिरांनी तीच चूक करू नये, म्हणून हा लेख.

या यंत्राचे कापडाशी जुने नाते आहे. १९०१ साली इंग्लंडमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ यांनी हवा ओढून धूळ काढण्याचे यंत्र केले. ते एवढे मोठे होते की घोडागाडीवरून आणावे लागे आणि खिडकीतून लांब नळ्या घरात सोडाव्या लागत. पुढे अमेरिकेतील ओहायो राज्यात जेम्स मरी स्पँग्लर हा एका मोठ्या दुकानात झाडलोट करणारा माणूस होता. गालिच्यांच्या धुळीने त्याला दम्याचा त्रास होई. त्याने पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा एकत्र करून घरी वापरता येईल असे यंत्र बनविले. १९०८ साली त्याला त्याचे पेटंट मिळाले आणि चामड्याच्या वस्तूंचा व्यवसाय करणाऱ्या हूव्हर यांनी ते विकत घेऊन कारखाना काढला. घरोघरी गेलेले हे यंत्र एका गरीब कामगाराच्या खोकल्यातून जन्मले, हे कारागिरांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता बाजारात कोणकोणते प्रकार मिळतात ते पाहू.

पहिला प्रकार चाकांच्या डब्याचा. मोटर आणि पिशवी डब्यात, डबा जमिनीवर आणि हातात फक्त नळी. आपल्याकडील लादीची फरशी, पलंगाखालची जागा, पडदे, कपाटावरची धूळ, या सर्वांना तो चालतो. दुसरा उभ्या दांड्याचा, ज्यात सारे वजन दांड्यावर असते आणि खाली फिरता ब्रश असतो. भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा अंथरण्याची चाल जेथे आहे, त्या देशांत तो फार चालला. आपल्या घरांत त्याची गरज कमी.

तिसरा ओले-सुके दोन्ही ओढणारा. सांडलेले पाणी ओढताना त्यातील कागदी पिशवी आणि सुकी जाळी आधी काढावी लागते, नाहीतर दोन्ही वाया जातात. फक्त सुक्या कचऱ्यासाठी असलेल्या यंत्राने पाणी कधीही ओढू नये. मोटर तर जाईलच, पण विजेचा झटकाही बसू शकतो.

चौथा बॅटरीवरचा हलका दांडा. वापरायला सोयीचा, पण पूर्ण जोरावर चालविला तर बॅटरी लवकर उतरते आणि काही वर्षांनी ती बदलावी लागते. त्या बॅटरीची किंमत खरेदीच्या दिवशीच विचारून घ्यावी. पाचवा, आपणहून फिरणारा यंत्रमानव. २००२ साली अमेरिकेत रूम्बा आल्यापासून तो लोकांच्या ओळखीचा झाला. रिकाम्या, सपाट फरशीवर तो ठीक काम करतो. पण ज्या घरात शिवणकाम चालते, तेथे धागे त्याच्या ब्रशला गुंडाळून तो अडतो. फिरत्या ब्रशाच्या प्रत्येक यंत्राची हीच अडचण आहे. शिंपी आणि भरतकाम करणाऱ्यांनी ब्रश नसलेले साधे तोंड लावावे आणि सुया-टाचण्या आधी वेचून घ्याव्यात, कारण त्या पिशवी फाडतात.

आता वॅटचा सवाल. वॅट म्हणजे यंत्र किती वीज खाते याचे माप. ते किती धूळ ओढते, हे त्यावरून कळत नाही. सोळाशे वॅटचे यंत्र अर्धा तास चालले तर पाऊण युनिटहून थोडी जास्त वीज जाते, एवढाच त्याचा अर्थ. युरोपीय संघाने सप्टेंबर २०१४ पासून घरगुती यंत्रांना १,६०० वॅटपेक्षा कमीची आणि सप्टेंबर २०१७ पासून ९०० वॅटपेक्षा कमीची मर्यादा घातली. तरी तेथील घरे साफ होतातच. तोंडाची घडण, नळीचे सांधे आणि जाळीची रचना चांगली असेल तर कमी विजेतही काम होते.

त्याच युरोपात आणखी एक गोष्ट घडली. यंत्रांवर वीजबचतीची चिठ्ठी लावण्याचा नियम होता, पण चिठ्ठीसाठीची चाचणी रिकाम्या पिशवीवर घेतली जाई. डायसन कंपनीने याविरुद्ध दाद मागितली आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये न्यायालयाने तो नियम रद्द केला. रिकाम्या पिशवीवर कोणतेही यंत्र पहिलवान असते. पिशवी अर्धी भरल्यावर ते किती ओढते, हे पाहायला हवे. म्हणून विक्रेत्याने माती ओढून दाखविली तर त्याला आपल्या घरातील लव आणि धागे ओढायला सांगा, पिशवी भरेपर्यंत.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. यंत्राने ओढलेली हवा मागून बाहेर पडते. जाळी जाडीभरडी असेल तर कचरा आत राहतो आणि डोळ्यांना न दिसणारी बारीक धूळ पुन्हा खोलीत, म्हणजे मुलांच्या छातीत जाते. घरात दमेकरी असेल तर हेपा जाळीचे यंत्र घ्यावे. अमेरिकी मापाप्रमाणे ही जाळी ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडविते. बिनपिशवीच्या यंत्रात पिशवीचा खर्च वाचतो, पण डबा रिकामा करताना धूळ उडते. तो घराबाहेर, तोंडाला रुमाल बांधून झटकावा.

मागासाठी मात्र घरगुती यंत्रावर भरवसा ठेवू नका. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या कारखान्यांत लव तासन्‌तास उडते आणि घरगुती यंत्र थोड्या वेळाच्या कामासाठी असते. कापसाच्या धुळीने बिसिनोसिस हा श्वासाचा आजार होतो. सुट्टीनंतर कामाच्या पहिल्याच दिवशी छाती आवळल्यासारखी वाटणे, ही त्याची जुनी खूण आहे. तेथे धूळ बाहेर खेचणारे पंखे आणि कारखान्यासाठी केलेली यंत्रेच हवीत. तो खर्च मालकाने करायचा आहे, कामगाराने नव्हे.

एका खोलीचे घर असेल आणि गालिचा नसेल, तर ओले फडके आजही पुरेसे आहे. ते धूळ उडवीत नाही आणि त्याची मोटरही जळत नाही. यंत्र घ्यायचेच असेल तर थान घेताना विचारता तेवढेच सवाल विचारा: जाळी कोणती, ती धुता येते का, पिशव्या आपल्या गावात मिळतात का, दुरुस्ती कोण करील? आम्ही हे विचारले नाही आणि त्याची किंमत मोजली. आपण विचारा.