आधी घरची भाषा

पहिलीपासून हिंदी सक्तीची करणारा १६ एप्रिल २०२५ चा निर्णय जनमताच्या रेट्यापुढे टिकला नाही. १७ जूनला त्यात शाब्दिक फेरफार झाला आणि २९ जूनला सरकारने दोन्ही आदेश मागे घेतले. ही माघार स्वागतार्हच होती. पण या वादात सहा वर्षांच्या मुलावर कोणती भाषा लादू नये एवढीच चर्चा झाली. ते मूल कोणती भाषा घेऊन शाळेत येते, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

शीळफाट्याला, जेथे कल्याणचा रस्ता मुंब्रा-पनवेल मार्गाला मिळतो, हा प्रश्न टाळता येत नाही. आगरी गावे, परप्रांतीय मजुरांच्या चाळी आणि मुंब्र्याची उर्दू बोलणारी वस्ती येथे हाकेच्या अंतरावर आहेत. भोजपुरी बोलणारे मूल शाळेत परके ठरते, हे सहज समजते. पण 'मना पानी' म्हणणारे आगरी मूल तर मराठीच बोलते! त्याच्या वाट्याला मात्र पहिल्या दिवसापासून 'मला पाणी म्हण' ही दुरुस्ती येते. मराठीचा कैवार घेणाऱ्यांनाही ही सक्ती वाटत नाही, हे विशेष.

याच जुन्या ठाणे जिल्ह्यात, बोर्डी येथे, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बालशिक्षणाचे काम सुरू केले. मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली; अंगणवाडी हा शब्द त्यातूनच रूढ झाला. १९७५ च्या एकात्मिक बालविकास योजनेने अंगणवाडी देशभर पोहोचवली. मुलाच्या घरापासून आरंभ करण्याची त्यामागची दृष्टी मात्र वाटेत हरवली.

द्विभाषिक शिक्षण म्हणजे दोन पाठ्यपुस्तकांचे ओझे नव्हे. गोष्ट, गाणे, मोजणी आधी घरच्या बोलीत व्हावी आणि तिच्या आधाराने प्रमाण मराठी हळूहळू यावी, एवढाच त्याचा अर्थ. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शक्यतो मातृभाषेतून शिक्षण सांगितले, २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने किमान पाचवीपर्यंत. यातला 'शक्यतो' हा शब्द सरकारला फार सोयीचा आहे. सुखवस्तू घरे महागडी इंग्रजी बालवाडी विकत घेतात. मजुराच्या मुलासाठी उरते ती तुटपुंज्या मानधनावरची सेविका. तिला बोलीतली चित्रपुस्तके, प्रशिक्षण आणि कर्मचाऱ्याचे वेतन मिळाले पाहिजे. वस्तीतील दोन भाषा जाणणाऱ्या तरुणींना मदतनीस म्हणून नेमता येईल. ही मागणी कार्यकर्त्यांनी शीळ-दिव्याच्या पालकांना सोबत घेऊन ठाणे महापालिकेपुढे आणि राज्याच्या महिला व बालविकास विभागापुढे मांडली पाहिजे.