रात्री दारं धरायला जाताना बॅटरी कोणती घ्याल?

शेतीची थ्री फेज लाईट या आठवड्यात दिवसा, पुढच्या आठवड्यात रात्री. मग तुम्ही काय करता? बाराला उठता, मफलर गुंडाळता, मोटर चालू करता आणि दारं धरायला उसात उतरता. दिवसा वीज मिळावी म्हणून सौर कृषी वाहिनीची कामं चालू आहेत. पण ती वीज तुमच्या मोटारीपर्यंत येईतो रात्रीची पाळी काही चुकत नाही.

त्या वेळी तुमच्या हातात उजेडाला काय असतं? बऱ्याच जणांच्या हातात फोन असतो. एका हातात फोन, दुसऱ्या हातात खोरं. फोन पाटात पडला की उजेड गेला आणि घरी कळवायची सोयही गेली. म्हणून आधी फोन खिशात टाका. उजेडाला वेगळी बॅटरी घ्या.

आपण टॉर्चलाच बॅटरी म्हणतो आणि तिच्या पोटातल्या बॅटरीला सेल. इथेही तसंच म्हणू.

दुकानात जाण्याआधी एक ठरवा. तुम्हाला उजेड कुठे पडायला हवा आहे?

लांब फोकसची बॅटरी दुकानात फार छान दिसते. समोरच्या टाकीवर गोल पाडून दाखवतात. पण तो गोल लहान असतो आणि त्याच्या भोवती काळोख. बांधावरून चालताना तुम्हाला टाकी बघायची नसते, पुढची तीन पावलं बघायची असतात. मण्यार रात्रीच हिंडते. अंग काळं, त्यावर बारीक पांढरे पट्टे. ओल्या काळ्या मातीत ती पटकन दिसत नाही. तिथे पसरट उजेडच कामाला येतो.

रानडुकरं किंवा बिबट्याचा वावर असेल, तर लांबचंही दिसायला हवं. अशा वेळी मध्ये फोकस आणि भोवती पसरट उजेड देणारी बॅटरी बघा. तोंड पुढेमागे सरकवून फोकस बदलणाऱ्या बॅटऱ्याही मिळतात. पण सरकत्या फटीतून पाणी आत जायचा धोका असतो. भर पावसात वापरायची असेल तर ती टाळलेली बरी.

आता खोक्यावरच्या आकड्यांकडे या. उजेड लुमेनमध्ये मोजतात. चालायला १०० लुमेन पुरतात. दारं धरायला २०० ते ३०० झाले की काम भागतं. कधीमधी लांब बघायला ५०० ते १,००० असले तर चांगलंच. त्यापुढच्या आकड्यांना भुलू नका.

का, ते साध्या हिशोबाने बघा. ३ वॅटच्या एलईडीतून ढोबळमानाने ३०० लुमेन उजेड पडतो. एक चांगला लिथियम सेल हा दिवा साधारण ३ तास चालवतो. तोच सेल १०० लुमेनवर आठ-नऊ तास जातो.

आता कोणी म्हणालं, "दादा, ही १०,००० लुमेन देते आणि १० तास चालते," तर काय समजायचं? तेवढ्या उजेडाला १०० वॅट लागतात. ते १० तास पुरवायचे तर असे शंभरावर सेल हवेत. नुसत्या सेलांचं वजन साडेचार किलोच्या वर जाईल. आणि बॅटरी तर तुमच्या मुठीत मावते आहे.

मीही एकदा फसलो आहे. बाजारातून स्वस्तातली बॅटरी आणली. सेलवर ९,९०० एमएएच छापलेलं. एमएएच म्हणजे सेलात किती चार्ज मावतो त्याचं माप. दुसऱ्याच रात्री अर्ध्या तासात तिचा काजवा झाला. सकाळी तो सेल घेऊन किराणा दुकानात गेलो. जुन्या, चांगल्या बॅटरीतला तेवढ्याच मापाचा सेल सोबत नेला. काट्यावर ठेवले. जुना ४६ ग्रॅम भरला, नवा २५ ग्रॅमसुद्धा नाही. वरचं वेष्टन मोठ्या सेलचं, आत माल निम्मा.

तेव्हापासून मी सेल हातात घेऊन बघतो. तुम्हीही बघा. अशा लिथियम सेलवर बहुधा १८६५० लिहिलेलं असतं, ते त्याचं माप आहे. १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. या मापाचा चांगला सेल साधारण ४५ ग्रॅमचा असतो. त्यावर २,००० ते ३,५०० एमएएच लिहिलेलं असेल तर ते पटण्यासारखं आहे. ९,९०० लिहिलेलं दिसलं की परत ठेवा.

सेलवर भारतीय मानक ब्युरोची खूण आणि 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, तेही बघा. घरातल्या पोराला सांगा, बीआयएस केअर या ॲपमध्ये तो क्रमांक टाकून खरा-खोटा बघता येतो.

कोणत्या सेलची बॅटरी घ्यावी? तीन प्रकार तुमच्यासमोर येतील.

पहिला प्रकार स्वस्त, जड, मागे दोन पिना असलेला. पिना थेट बोर्डात घालायच्या. आत बहुतेक शिशाचा छोटा सेल असतो. अशी बॅटरी उतरलेली ठेवून दिली की मरते. दिवाळीला आणलेली आषाढात काढाल, तर पेटायची नाही. ही घरात असेल तर एक नक्की पाळा. पिना बोर्डात असताना ती पेटवू नका, उघडू नका, ओल्या हाताने तर धरूच नका.

दुसरा प्रकार पेन्सिल सेलचा, पण चार्ज होणारा. उजेड बेताचा, पण एक मोठी सोय. चार्ज संपला तरी कोपऱ्यावरच्या टपरीतले साधे पेन्सिल सेल घालून वेळ निभावता येते. मात्र ते साधे सेल चार्जरला कधी लावू नका. म्हाताऱ्या माणसांच्या घरी मी हीच बॅटरी सुचवतो.

तिसरा लिथियमचा. हलका, जास्त उजेड देणारा. रोज रात्री रानात जाणाऱ्याने हा घ्यावा. त्यातही सेल बाहेर काढता येणारी बॅटरी घ्या. दोन-तीन वर्षांनी सेल म्हातारा होतो. तो बदलता आला तर बॅटरी वाचते, नाहीतर सगळीच फेकावी लागते. चार्जिंगला फोनचीच टाइप-सी पिन चालली तर उत्तम. वेगळी वायर हरवायला वेळ लागत नाही.

दुकानात पैसे देण्याआधी एवढं करा.

बॅटरी मुठीत धरा. बोटं ओली करून बटण दाबा. सटकतंय का बघा.

पेटवून जमिनीवर उजेड पाडा, भिंतीवर नको. तुम्ही रानात जमिनीकडेच बघणार आहात.

उजेड कमी-जास्त करून बघा. प्रत्येक दाबाला लुकलुकणारा उजेड मध्ये येत असेल तर ती घेऊ नका. ऐन वेळी डोळे दिपतात.

दहा मिनिटं पेटती ठेवा. पूर्ण उजेडावर थोडी गरम होणारच. पण हातात धरवत नसेल, किंवा तेवढ्यातच उजेड निम्मा झाला असेल, तर नको म्हणा.

पाण्याचं विचारा. आयपीएक्स ४ म्हणजे पावसाचे शिंतोडे सोसेल. आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास पडली तरी चालेल. पाटापाशी काम करणाऱ्याने ७ बघावं.

बिल घ्या. बिलावर वॉरंटी लिहून घ्या. तोंडी वॉरंटी दुकानाच्या पायरीवरच संपते.

घरी आणल्यावर निगा ठेवा. उजेड मंदावला की चार्जिंगला लावा, पूर्ण विझेपर्यंत ओढू नका. चार्जिंग फरशीवर करा, गादीवर किंवा कडब्याजवळ नको. रात्रभर लावून झोपू नका. ट्रॅक्टरच्या सीटवर उन्हात टाकू नका. सेल फुगलेला दिसला की वापर बंद. तो चुलीत किंवा उकिरड्यावर टाकायचा नाही. जुने सेल जमा करून घेणाऱ्याकडेच द्या.

उन्हाळ्यात बॅटरी लागत नसली तरी दोन-तीन महिन्यांनी एकदा चार्ज करा. बाजाराचा दिवस ठरवून टाका, म्हणजे विसरणार नाही.

बॅटरी आली म्हणून गमबूट घरी ठेवू नका. काठी आपटत चला. आणि कधी चावलंच काही, तर बांधत, कापत बसू नका. १०८ ला फोन करा, थेट दवाखाना गाठा. फोन खिशात ठेवायला सांगितला, तो यासाठीच.

शेवटी, बॅटरीला एक जागा ठरवा. दाराशेजारी खिळा ठोका. घरातल्या लहान मुलाचाही हात पोचेल एवढ्या उंचीवर ठोका. मात्र पोरांना बजावा की कोणाच्या डोळ्यावर ती मारायची नाही. वापरून झाली की परत खिळ्याला लावायची, हे घरात सगळ्यांना सांगा. अंधारात बॅटरी शोधायला दुसरी बॅटरी लागू नये.

आज संध्याकाळीच घरातली बॅटरी काढा आणि पेटवून बघा. मंद असेल तर आत्ताच चार्जिंगला लावा. लाईट आज रात्रीची असेल.