'फॅक्ट'चं पान आणि उडालेली झोप

दुसऱ्या दिवशी इंटर्नल होती आणि रात्री साडेतीन वाजता मी पॅरिसच्या लूव्हर म्युझियममध्ये होतो. म्हणजे डॅन ब्राऊनच्या 'द दा विंची कोड'मध्ये. फर्ग्युसन रोडच्या फुटपाथवरून उचललेली, कव्हर फाटलेली कॉपी. पुस्तक २००३चं. जगभर कोट्यवधी प्रती खपल्या, सिनेमा आला, मराठी अनुवादही आला आणि मी आत्ता वाचतोय. वरातीमागून घोडं!

पण काय पळतं हे पुस्तक! म्युझियममध्ये खून, मृतदेहाशेजारी आकड्यांचं कोडं, मागे पोलीस आणि चर्चने शतकानुशतकं लपवलेलं एक गुपित. शंभराच्या वर प्रकरणं, काही तर दीड-दोन पानांची. प्रत्येकाच्या शेवटी असा खटका की 'बस, एवढं एकच' म्हणता म्हणता पहाट होते. फिबोनाची सिरीज मला गणिताच्या पुस्तकात कधी आवडली नव्हती, इथे आवडली. 'द लास्ट सपर' मोबाईलवर झूम करून बघितलं. एखादं पुस्तक आपल्याला एका चित्राकडे अर्धा तास बघायला लावतं, हे काही कमी नाही.

आता कुरकुर. पात्रं अगदी पुठ्ठ्याची आहेत. पोलीस मागावर असताना ही मंडळी एका आलिशान बंगल्यात बसून भर रात्री लेक्चर झोडतात. सोफी म्हणे पोलीस खात्यातली कोड-एक्स्पर्ट, पण त्या लेक्चरमध्ये तिचं काम 'म्हणजे काय?' विचारणं एवढंच. आणि तो 'ओपस देई'चा खुनी संन्यासी! त्या संस्थेत संन्यासी नसतातच, बहुतेक सदस्य साधे संसारी लोक असतात.

थ्रिलर आहे, चालायचंच. मला खटकलं ते गोष्ट सुरू होण्याआधीचं पान. त्यावर लिहिलंय 'फॅक्ट'. 'प्रायरी ऑफ सायन' ही गुप्त संघटना १०९९ साली स्थापन झाली आणि तिची कागदपत्रं पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात सापडली, असं तिथे छातीठोकपणे सांगितलंय. प्रत्यक्षात पिएर प्लांतार नावाच्या माणसाने ही संस्था १९५६ मध्ये फ्रान्समध्ये रीतसर रजिस्टर केली. ती 'प्राचीन' कागदपत्रं त्याच्याच टोळक्याने १९६०च्या दशकात ग्रंथालयात नेऊन ठेवली. ठेवली, म्हणून सापडली!

पुढेही तेच. येशूचं देवत्व इ. स. ३२५च्या नायसिया धर्मसभेत मतदानाने, तेही काठावर, ठरलं म्हणे. तिथे जमलेल्या शेकडो बिशपांपैकी सही नाकारणारे शेवटी दोनच उरले होते. चित्रातली 'ती' बाई? कलेतिहासकारांच्या मते तो योहान. त्या काळी त्याला बिनदाढीचा, कोवळा तरुणच रंगवत.

मी हे सगळं कॅम्पात राहणाऱ्या, मूळच्या गोव्याच्या कॅथलिक मैत्रिणीला मोठ्या उत्साहात सांगत होतो. तिने कादंबरी शाळेतच वाचली होती. २००६ मध्ये सिनेमा आला तेव्हा गोव्यासह काही राज्यांनी त्यावर बंदी घातली होती, हे तिनेच सांगितलं. बंदी तिलाही पटत नाही. पण चहाचा कप खाली ठेवत ती म्हणाली, "तुला मजा येतेय, कारण गुपित आमच्या घरातलं आहे. तुमच्या घरातलं असतं तर?"

मी म्हटलं, "तरी मजा आली असती." खोटं बोललो.

कारण मला आमच्या फॅमिली ग्रुपवरचा एक फॉरवर्ड आठवला. ताजमहाल म्हणजे मुळात 'तेजोमहालय', बंद खोल्यांमध्ये पुरावे दडवलेत वगैरे. आपल्या पुण्यातच राहिलेल्या पु. ना. ओकांनी हा सिद्धांत गाजवला. त्यांची याचिका सर्वोच्च न्यायालयाने २००० साली फेटाळली. खोल्या उघडण्याची दुसऱ्या कुणाची याचिका अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये फेटाळली. आणि मी? अकरावीत तो फॉरवर्ड तीन ग्रुपवर ढकलला होता. एकदाही गूगल न करता.

रेसिपी तीच. खरी इमारत, एखादा खरा तपशील (ताजची जमीन राजा जयसिंहाकडून घेतली होती, हे खरंच आहे), आणि 'बड्यांनी आपल्यापासून लपवलं'चा तडका. फरक एवढाच की चर्चचं गुपित मी दुसऱ्याच दिवशी तपासायला बसलो, कारण ते चुकीचं निघालं तरी माझं काही बिघडत नव्हतं. ताजचं गुपित मला खरं असायलाच हवं होतं, म्हणून तपासलं नाही.

तेव्हा 'द दा विंची कोड' वाचू नका, असं मी मुळीच म्हणणार नाही. वाचा, रात्र जागवा. दुसऱ्याच्या श्रद्धेची चिरफाड करणारं वाचा आणि आपल्या श्रद्धेची करणारंही. बंदीपेक्षा शंका बरी. फक्त ती शंका सगळ्यांना सारखी लावा. जी गोष्ट ऐकून आपल्याला सर्वांत जास्त बरं वाटतं, ती आधी तपासा.

इंटर्नलमध्ये वीसपैकी नऊ मिळाले, हे फॅक्ट. कॉपी आता रूममेटकडे आहे. देताना पहिल्या पानावरच्या 'फॅक्ट'पुढे पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह काढून दिलंय.